द्राक्षं कोरडी हवीत

चॉकलेट वितळवताना त्यात पाण्याचा एक थेंब पडला तरी ते बिघडतं. दूध नासतं तसं नाही. आधी घट्ट होतं, मग रवाळ होतं आणि शेवटी चमच्याला चिकटलेला काळा गोळा उरतो. हे मला पन्नाशी उलटल्यावर कळलं आणि नातीनं शिकवलं. ती तेव्हा तिसरीत होती. मी चौथीपर्यंत शिकलेली, म्हणजे तिच्या पुढे एक इयत्ता, पण बोलायची ती मास्तरणीसारखी.

तिच्या शाळेत दर फेब्रुवारीला आनंद मेळावा असायचा. मुलांनी घरून काहीतरी करून आणायचं आणि पटांगणात मांडून बसायचं. बाकीची मुलं भेळ, ढोकळा, लिंबू सरबत असलं आणायची. नातीनं दिवाळीच्या सुट्टीतल्या छंदवर्गात केळ्याच्या चकत्या चॉकलेटात बुडवायला शिकून घेतल्या होत्या. पण फेब्रुवारीत नाशिकला केळी कोण विचारतो? ती म्हणाली, द्राक्षं बुडवू. तिच्या बापाबरोबर ओझरच्या कारखान्यात काम करणाऱ्या एकाची बाग होती. तिथून अर्धा क्रेट आला. तो आला, पण मी त्याला हात लावला नाही. का लावला नाही ते आधीच सांगून टाकते, कारण पुढचं सगळं त्यावरच आहे.

आम्ही मूळचे पेठ तालुक्यातले. भात झोडून झाला की घाट ओलांडून दिंडोरीकडच्या बागांत मजुरीला यायचो, ते होळीला परत जायचो. बागेतच झोपडी. मी घडातले बारके मणी काढायची विरळणी केली आहे, तोडणी केली आहे, मगात मणी फुगवायचं औषध घेऊन एकेक घड त्यात बुडवायचं कामही केलं आहे. हात कोपरापर्यंत चिकट व्हायचे. मुलगा आठ वर्षांचा होता, मुलगी चार.

त्या दिवशी सकाळी मुकादम म्हणाला, ओढ्याकडच्या ओळींना काल वेलीवरच्या पिठ्या ढेकणाचं औषध मारलंय, तिकडं तोडायला जाऊ नका. मी ऐकलं. मान हलवली. आणि मुलांना सांगितलं नाही. का नाही सांगितलं, त्याला काही कारण नाही. पाट्या उचलल्या, कामाला लागले. मुलं ओढ्याकडं खेळायला गेली. मुलानं हात वर करून घड तोडला आणि बहिणीला दिला. ऊन डोक्यावर यायच्या आत ती लाळ गाळायला लागली, पाय टाकता येईना. मालकानं जीप दिली. दिंडोरीच्या डॉक्टरनं तिच्या डोळ्याची पापणी वर केली. बाहुली मोहरीएवढी झाली होती. ती मी बघितली. तासाभरात संपलं.

दवाखान्याच्या बाहेर मुलगा भिंतीला टेकून उभा होता. मी त्याला म्हणाले, “तूच मारलंस तिला.”

तीन शब्द. परत कधी म्हणाले नाही, पण मागेही घेतले नाहीत. त्या जूनमध्ये त्याला आश्रमशाळेत घातला. लोक म्हणतात, अडाणी बाई, पण पोराला शिकवलं. मी त्याला नजरेसमोरून काढला होता. तो तिथं शिकला, आयटीआय केलं, नोकरीला लागला, बाप वारल्यावर मला आपल्याकडं पंचवटीत घेऊन आला. मुलगी तापानं गेली असं मी सगळ्यांना सांगत आले. सुनेलाही तेच सांगितलं होतं. त्याच्यासमोर सांगितलं. त्याला किती आठवतं, हे मला माहीत नव्हतं. विचारायची छाती नव्हती. एवढं मात्र मनाशी होतं, की मरायच्या आधी ते तीन शब्द परत घ्यायचे. मी इतकी वर्षं मेले नाही, म्हणून तेही राहत गेलं.

तर, चॉकलेट.

सुनेनं रविवार कारंजावरच्या दुकानातून चॉकलेटची लादी आणली होती. पातेल्यात पाणी उकळत ठेवून त्यावर वाडगं ठेवायचं आणि वाडग्यात चॉकलेटचे तुकडे. नात स्टुलावर चढून सगळ्यांना कामाला लावत होती.

“आजी, हात पूस. नुसते झटकू नको, पूस.”

“पुसलेत.”

“दाखव.”

पाच वर्षांचा नातू ओट्याला हनुवटी टेकून उभा होता. त्याला विचारलं, तू काय करणार? म्हणाला, “मी चमचा चाटणार आहे. मला तेच काम दिलंय.”

सुनेनं द्राक्षं सकाळी नळाखाली धुतली होती. नातीनं टॉवेलवर पसरून वाळवली होती आणि स्टीलच्या ताटात मांडून ठेवली होती. मी ताटाकडं बघत होते. द्राक्षाच्या अंगावर पांढरी पूड असते. बागायतदार म्हणतात, ती द्राक्षाची स्वतःची असते, कितीही धुतली तरी राहते. असेल. मला ती पूड दिसली की दुसरं काही दिसत नाही. शेजारीण चॉकलेटचा वास घेत दाराशी आली, सून आणि नात तिच्याशी बोलायला गेल्या. तेवढ्यात मी ताट मोरीत नेलं, मिठाच्या पाण्यात सगळी द्राक्षं खळबळली, पाणी बदललं, परत खळबळली. मग पदरानं घाईनं टिपली आणि होती तशी मांडून ठेवली.

नातीनं पहिलं द्राक्ष टूथपिकला टोचून बुडवलं. दुसरं बुडवलं. दहा-बारा झाली असतील. वाडग्यातलं चॉकलेट आधी जाड झालं, मग ओल्या वाळूसारखं झालं. तिनं चमचा फिरवला, तर तो सगळं गोळा करून वर आला.

“ह्याला पाणी लागलंय,” ती म्हणाली. “कुणी लावलं?”

“मी द्राक्षं धुतली,” मी म्हणाले.

“अगं, आईनं धुतली होती ना सकाळी.”

“परत धुतली.”

सून म्हणाली, “आई, मी धुतली ती पाण्यानंच धुतली होती.” आवाज चढवला नाही. चढवला असता तर बरं झालं असतं. नात कोपरात तोंड खुपसून रडायला लागली. मेळावा दुसऱ्या दिवशी होता. नातू गोळा चाटायचा की नाही, ते ठरवत उभा होता.

कारखान्याची बस आली आणि मुलगा घरात शिरला. त्यानं गोळा बघितला, ताट बघितलं, ताटाखाली साचलेलं पाणी बघितलं. मला वाटलं, आता विचारील. त्यानं विचारलं नाही. बूटसुद्धा न काढता स्कूटरवरून गेला, दुसरी लादी घेऊन आला. मग हात धुऊन, पुसून, भिंतीशी मांडी घालून बसला. सुनेची एक जुनी सुती साडी फाडून मऊ फडकी केली होती, त्यातलं एक घेतलं आणि द्राक्ष पुसायला लागला. एक घ्यायचं, चारी बाजूंनी पुसायचं, देठाच्या खळगीत फडक्याचं टोक घालून फिरवायचं, मग खिडकीकडं धरून उजेडात बघायचं. उजेडात फिरवायचं. मग ताटात ठेवायचं आणि दुसरं घ्यायचं.

“अहो, द्राक्षं आहेत ती, मोती नाहीत,” सून म्हणाली.

“असू दे.”

“अशानं मेळावा पुढच्या वर्षी होईल.”

“असू दे म्हटलं ना.”

ओलावा बघायला कुणी द्राक्ष उजेडाला धरत नाही. तो ती पूड बघत होता. मी समोर बसले होते. मला कळलं, की ह्याला सगळं आठवतं. त्यानं माझ्यासमोर इतक्या वर्षांत एक द्राक्ष तोंडात टाकलेलं नव्हतं, तेही मला तेव्हाच लक्षात आलं. तिथंच बोलायला हवं होतं. घरात चार माणसं, तोंडं चॉकलेटानं माखलेली, कशाला आता, असं स्वतःला सांगितलं. मी उठले आणि ताटांना तूप लावायला घेतलं.

मेळाव्यात पोरांनी सगळी संपवली. नात रिकामा डबा घेऊन आली. तिला दारातच धरली आणि डोळे बघितले. नातवाचेही बघितले. त्यानं घरी राहिलेली सात-आठ खाल्ली होती.

मग तो दरवर्षीचा रिवाजच झाला. मेळावा असो नसो, फेब्रुवारीत एका रविवारी आमच्याकडं द्राक्षं बुडवायची. माझा मुलगा पुसणार, नात बुडवणार, सून गॅस सांभाळणार, नातू टूथपिक टोचणार आणि चमचा चाटणार. मी काय करायची? मी डोळे बघायची. पोरांनी खाल्ल्यावर अर्ध्या तासानं एकदा, मग परत एकदा. हनुवटी धरून खिडकीकडं तोंड करायचं आणि पापणी वर करायची. पोरांना त्याची सवय झाली होती.

“ताई, डोळेतपासणी आली, चल.”

“आजी, माझा नंबर किती?”

“गप बस. वर बघ.”

बाहुल्या चांगल्या मोठ्या, काळ्या असायच्या. तरी मला पटायचं नाही.

भूतबीत मी मानत नाही. पेठकडं प्रत्येक ओहळाला एक भूत आहे, त्यातलं एकही मला कधी भेटलं नाही. पण त्या रविवारी स्वयंपाकघरात एक पोर जास्त असायचं. मी दोन वाट्या काढायला जायची आणि ओट्यावर तीन निघालेल्या असायच्या. फ्रीजचं दार उघडलं की माझ्या मागे मांडीएवढ्या उंचीचं कुणीतरी वाट बघत उभं आहे असं वाटायचं. वळले की नातू असायचा, आणि कधीकधी नातू नसायचा. एकदा नातू वरचं चॉकलेट चाटून खाऊन मग द्राक्षाचं साल दातानं सोलून फूं करून थुंकला. माझी मुलगी तसंच खायची. गर चोखून घ्यायची आणि साल थुंकायची. त्यानं तिला कधी बघितलेलं नाही, त्याला कुणी शिकवलं नाही. मी त्याच्या पाठीत धपाटा घातला. तो रडला नाही, माझ्याकडं बघत राहिला. माझा मुलगाही फडकं हातात धरून नातवाकडंच बघत होता. आमची दोघांची नजर एक झाली आणि दोघांनीही काढून घेतली.

अशी नऊ-दहा वर्षं गेली.

नात बारावीत होती त्या वर्षीची गोष्ट. जूनपासून ती पुण्याला जाणार होती, म्हणून अभ्यास एका बाजूला टाकून बसली होती. नातू चौदा वर्षांचा, मिसरूड फुटलेलं, तरी चमच्याचा हक्क सोडत नव्हता. मी त्याची हनुवटी धरली, तर माझा हात धरून म्हणाला, “आजी, खरं सांग. तू हे काय बघतेस? माझ्या मित्रांच्या आज्या दृष्ट काढतात. तू डॉक्टरसारखं करतेस.”

“काही नाही. वर बघ.”

“आत्या लहानपणी गेली ना? तिचं काही डोळ्यांचं होतं का?”

मी म्हणणार होते, ताप आला होता. तोंड उघडलंसुद्धा होतं.

माझा मुलगा द्राक्ष पुसता पुसता म्हणाला, “द्राक्षं खाऊन गेली. औषध मारलेली होती. मी दिली तिला.”

पगाराची तारीख सांगावी तसा बोलला. मान वर केली नाही. सून गॅसपाशी थांबली. पोरं थांबली. मला दिसलं, की इतकी वर्षं हा हेच मनात म्हणत आला आहे. एकेक द्राक्ष पुसताना हेच म्हणत असणार.

मी म्हणाले, “तू नाय मारलंस.”

तो पुसतच राहिला.

“मुकादमानं सकाळीच सांगितलं होतं, ओढ्याकडच्या ओळींना औषध मारलंय म्हणून. मला माहीत होतं. तुम्हाला दोघांना मी सांगितलं नाही.”

त्यानं फडकं खाली ठेवलं. “तुला माहीत होतं?”

“हो.”

“सकाळी?”

“सकाळी. कामाला लागायच्या आधी.”

“मग मला का तसं म्हणालीस?”

ह्याचं उत्तर मी तीस-पस्तीस वर्षं शोधत होते आणि त्या वेळी ते लगेच आलं. “कुणाला तरी म्हणायचं होतं. तू जवळ उभा होतास.”

“मी आठ वर्षांचा होतो, आई.”

“होतास.”

वाडग्यातलं चॉकलेट थंड होऊन त्यावर साय धरायला लागली होती. नात पुढं झाली आणि बापाच्या खांद्यावर हात ठेवायला गेली. त्यानं तो बाजूला केला, रागानं नाही, वाटेत आला म्हणून केला तसा. उठला, चपला घातल्या आणि बाहेर गेला. सून माझ्याकडं बघून म्हणाली, “मला तुम्ही ताप सांगितला होता.” मी म्हणाले, “हो. खोटं सांगितलं.” त्या दिवशीची द्राक्षं तशीच राहिली. दुसऱ्या दिवशी सुनेनं कामवालीला दिली.

त्यानंतर तेरा दिवस तो माझ्याशी कामापुरतं बोलला. गोळ्या घेतल्या का, लाईट बंद कर, एवढंच. लोकांना वाटतं, खरं बोललं की माणसं गळ्यात पडतात. माझ्या मुलाला राग आला. इतकी वर्षं स्वतःवर काढलेला सगळा राग त्यानं माझ्यावर धरला. मी तो धरू दिला. त्याचाच होता. माझं जेवण चालू होतं, झोपही येत होती. फक्त स्वयंपाकघरात गेले की वाट्या काढताना हात थांबायचा.

चौदाव्या दिवशी रविवार होता. तो माझ्या खाटेपाशी येऊन उभा राहिला. “तिला कुठं ठेवलंय?”

लहान पोराला जाळत नाहीत, पुरतात. तिच्या बापानं आणि दोघा-तिघांनी ओढ्याच्या काठावर खड्डा घेतला होता. मुलाला नेलं नव्हतं. झोपडीत एका म्हातारीपाशी बसवून ठेवलं होतं. मी म्हणाले, “ओढ्याकाठी. दाखवीन, पण जागा राहिली असेल का ते ठाऊक नाय.”

“चल.”

दिंडोरी नाक्यावरून जीपनं गेलो, पुढं चालत. बाग होती, पण मालक दुसरा. मांडव लोखंडी झाला होता. ओढा सरळ करून त्याला दोन्ही बाजूंनी दगडी काठ बांधला होता. मी म्हणाले, बाभळीच्या ह्या अंगाला. तो म्हणाला, बाभूळ पलीकडं होती, मला आठवतंय, मी तिच्यावर चढायचो. आम्ही उन्हात उभं राहून बाभळीवरून भांडलो. तिथं बाभूळ नव्हतीच. बांधावर तोडणीच्या बायका भाकरी खात बसल्या होत्या. एकीनं विचारलं, “काय हरवलं का, आजी?” बोलण्यावरून आमच्याकडची वाटली. तिचं पोर टोपल्यांशी खेळत होतं.

मी म्हणाले, “ह्या ओळींना औषध मारलंय का?”

“मारलं तर पाटी लावत्यात आता.”

“वाचता येतं का तुला?”

“नाय.” ती हसली. “पोरगा वाचतो. थोडं थोडं.”

माझा मुलगा पुढं गेला होता. पाण्याच्या कडेला दगडावर बसला होता. मी त्याच्या शेजारी जाऊन बसले. गुडघे दुखत होते म्हणून बसले. तो पाण्याकडं बघत म्हणाला, “मी पण खाल्ली होती.”

“काय?”

“द्राक्षं. अर्धा घड तिला दिला, अर्धा मी खाल्ला. तुम्ही जीपकडं पळत होता तेव्हा मला ओकारी आली. पाण्याच्या मोटारीच्या खोलीमागं जाऊन ओकलो. मग तुमच्या मागं जीपमध्ये चढलो. समोरचं सगळं अंधुक दिसत होतं. दवाखान्यात भिंतीला टेकून उभा होतो, कारण पाय धरत नव्हते.”

मला ती भिंत आठवत होती. तो टेकून उभा होता तेही आठवत होतं. मी त्याच्या तोंडाकडं बघूनच ते बोलले होते, आणि त्याला काय होतंय ते मला दिसलं नव्हतं.

“सांगितलं का नाहीस?”

“कुणी विचारलं?”

खरं होतं. मी विचारलं नव्हतं, बापानं विचारलं नव्हतं, डॉक्टर मुलीपाशी होता. त्या म्हातारीनं त्याला पेज पाजली आणि झोपवला, एवढं मला नंतर कळलं होतं. दोन दिवस तो उठला नव्हता. मला वाटलं होतं, भेदरलाय.

माघारी येताना जीपमध्ये आम्हाला मधल्या सीटवर दाबून बसवलं. एका बाजूला कोथिंबिरीच्या जुड्या घेतलेला माणूस, दुसऱ्या बाजूला दोन कॉलेजच्या पोरी. जीप सुरू झाली. मी म्हणाले, “आता विचारते. सकाळपासून सांग. ओकारी कधी आली, किती वेळा आली, डोळ्यांना काय झालं, आश्रमशाळेत गेल्यावर परत कधी त्रास झाला का, सगळं.”

“इथं?”

“इथंच.”

त्यानं आधी त्या माणसाकडं बघितलं, मग पोरींकडं. मग माझ्या कानाशी वाकून बोलायला लागला. गाडीच्या आवाजात निम्मं ऐकू येत नव्हतं, तिथं मी त्याला थांबवत होते आणि परत सांगायला लावत होते.